कलता बाक आणि चौदावे कलम

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि माझ्यावरून एकोणीस माणसे पडली आहेत; विसाव्याचे शेवटी सांगेन. त्यांत चार व्यवस्थापक, सहा युनियनचे पुढारी, दोन वकील, सहा साधे कामगार आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेले एक गृहस्थ होते. मोठी इजा कोणालाच झालेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझे नाव निघाले की लोक प्रथम कंबर चोळतात.

बाक होण्यापूर्वी मी चिंचणीच्या एका होडीची फळी होतो. ती होडी मोडीत निघाली तेव्हा बाकीच्या फळ्या चुलीत गेल्या, मी एकटा उरलो. अजूनही हवा दमट झाली की माझ्या शिरांतून मिठाची एक पांढरी रेघ उमटते. मला सांभाळणाऱ्या रत्नाबाई ती ओल्या फडक्याने पुसून टाकतात. ती राहू द्यावी असे मला वाटते, पण बाकाचे मत कोणी विचारत नाही.

मला घडवले धर्माजींनी. ते होड्या बांधणारे कारागीर. त्यांची पुतणी जागृती हिने सालवडला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, एक केंद्र उघडले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार आणि मालक यांची भांडणे कोर्टात जाण्याआधी तिथे बोलून मिटवायची, असा तिचा विचार होता. खोली होती, फळा होता, चहाची किटली होती. बसायला मात्र काही नव्हते. म्हणून ती काकांकडे गेली.

धर्माजींनी जन्मात बाक केलेला नव्हता. होडीचा भार मधोमध असतो, या सवयीने त्यांनी माझे पाय टोकांना न लावता मध्याजवळ लावले. जागृती एका टोकाला बसली आणि दुसऱ्या टोकाला बसलेले काका विडी शोधायला उठले. ती वाळूत बसली; माझ्या यादीतल्या दोन वकिलांपैकी पहिली तीच.

"काका, पाय आत लागलेत," ती कपडे झटकत म्हणाली. "एक उठला तर दुसरा पडतो."

"मंग सांगून उठायचा," धर्माजी शांतपणे म्हणाले. "होडीत कोनी न सांगता उठतो काय? 'उठतो रं' बोलायचा, बाजूचा सावरला का मंग उठायचा. तुज्या हापिसातली मानसं कदी होडीत बसली नाय, त्यात माजा काय दोष हाय?"

जागृतीला हे उत्तर पटले नव्हते, पण टेम्पो येऊन उभा राहिला होता. मी सालवडला आलो.

पहिल्याच बैठकीत माझा दोष उघडकीला आला. एका टोकाला युनियनचे प्रफुल्लभाऊ बसले होते आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचा विपुल नावाचा तरुण अधिकारी. मित्रांनो, वाटाघाटींत उठून जाण्याला फार मान असतो. प्रफुल्लभाऊंनी त्यासाठी दोन वाक्ये घरून पाठ करून आणली होती. "या खोलीत न्याय नाही," असे म्हणून ते ताडकन उठले. दुसरे वाक्य त्यांना म्हणता आले नाही. त्यांच्या पाठीमागे विपुल फाइलीसकट जमिनीवर घसरला होता.

प्रफुल्लभाऊ दारातून परत आले. "लागलं का हो?" त्यांनी विचारले. मग त्यांनी त्याला हात दिला, त्याच्या पँटची धूळ झटकली, विखुरलेले कागद गोळा केले आणि त्यांतला एक वाचलादेखील. ज्याच्या पँटची धूळ आपण आताच झटकली, त्याच्याविरुद्ध घोषणा देणे माणसाला जड जाते. संध्याकाळी समझोता झाला.

दुसऱ्या दिवशी जागृतीने माझ्या मागच्या भिंतीवर एक पाटी लावली : 'उठण्यापूर्वी सांगावे.' पुढे या पाटीमुळे फार मौज झाली. संतापाने लाल झालेले पुढारी म्हणत, "मी निषेध म्हणून उठत आहे, कृपया धरा." समोरचा म्हणे, "थांबा, जरा सरकतो." तो सरकून नीट बसेपर्यंत पुढाऱ्यांचा राग अर्ध्यावर येई, आणि अर्ध्या रागात उठून जाणे कोणालाच शोभत नाही. पुष्कळ जण तसेच बसून राहिले. अर्थात नवे लोक पाटी वाचत नसत. ते पडत आणि रत्नाबाई हळदीचा डबा घेऊन येत.

रत्नाबाई हे केंद्र सांभाळतात. झाडणे, चहा करणे, कुलूप लावणे ही त्यांची नेमलेली कामे आणि पडलेल्यांना हळद लावणे हे न नेमलेले. सातव्या क्रमांकाला पडलेल्या सुकाला त्यांनीच उठवले होते. सुका विक्रमगडच्या डोंगरातला. तो साक्ष द्यायला आला आणि पडला, तेव्हा उठून त्यानेच माझी माफी मागितली. एवढ्या वर्षांत माझी माफी मागणारा तो एकटाच.

पुढे जागृतीचे नाव झाले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला बोलावून घेतले आणि देशोदेशींचे जुने कामगार कायदे नव्याने लिहिण्याच्या कामावर प्रमुख नेमले. ती गेली, मी राहिलो. तिच्या पहिल्या थंड देशात तिने माझ्यासारखे बारा बाक करवून घेतले. तिथल्या अभियंत्यांनी सुरक्षेच्या नियमानुसार त्यांचे पाय टोकांना लावले, त्यांवर सुरक्षित असल्याची चिकटपत्रेही चिकटवली. महिन्याने जागृतीचा फोन आला. "रत्नाबाई, इथले बाक पडत नाहीत, त्यामुळे माणसे सांगत नाहीत. उठून सरळ चालू लागतात."

मग तिने बाकाचा नाद सोडला आणि ते वाक्यच कायद्यात घातले. एका बेटांच्या देशाच्या मसुद्यात ते चौदावे कलम झाले : वाटाघाटी सोडून जाऊ इच्छिणाऱ्या पक्षाने आधी तसे सांगावे आणि थांबावे. किती थांबावे, यावर तीन दिवस चर्चा चालली. शेवटी तिने चिंचणीला फोन लावला. "बाजूचा सावरंपरेंत," धर्माजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मसुद्यात लिहिले गेले : दुसरा पक्ष सावरेपर्यंत, पण एका दिवसापेक्षा कमी नाही.

इकडे केंद्रात गोल टेबल आले, गादीच्या खुर्च्या आल्या. मला जिन्याजवळ ठेवण्यात आले. माझ्यावर पाण्याचे जार राहू लागले. रिकामे जार एका बाजूला आणि भरलेले दुसऱ्या बाजूला ठेवले की मी त्यांनाही पाडीत असे. पण जार एकमेकांना सांगत नाहीत, आणि मला त्यात पूर्वीचे समाधान मिळत नसे. दुपारी जिन्यातून ऊन येई आणि माझ्या पायाशी पाण्यासारखे हलत राही. मी होडी होतो, हे मला त्या उन्हात आठवे.

आता ज्या दिवसासाठी ही सारी कथा सांगितली, त्या दिवसाकडे येतो.

विपुल आता त्याच कारखान्यात मोठा व्यवस्थापक झाला होता. सुका तिथेच, मागच्या शेडमध्ये काम करीत होता. चहाची सुट्टी दहा मिनिटांची, आणि कँटीन पुढच्या फाटकाशी. मागच्या शेडमधले लोक धावत जात, धावत येत आणि पुष्कळदा चहा न घेताच येत. तेव्हा सुका किटली भरून शेडमध्येच आणू लागला. शेडमध्ये खाणेपिणे नियमाविरुद्ध होते. त्याला तीनदा ताकीद मिळाली आणि चौथ्यांदा कामावरून कमी करण्यात आले. गोल टेबलाभोवती दोन बैठका झाल्या. दोन्हींत विपुल गादीच्या खुर्चीवरून न सांगता उठला आणि निघून गेला. ही तिसरी आणि अखेरची. ही फसली की प्रकरण कोर्टात जाणार होते, आणि तोवर सुकाला कुटुंबासह वीटभट्टीवर जाणे भाग होते. त्याची मुलगी जमुना सालवडच्या शाळेत पाचवीत होती. भट्टीवर पाचवी नसते.

त्याच दिवशी जागृती येणार होती आणि तिच्याबरोबर बेटांच्या देशाचे दोन पाहुणे. चौदावे कलम जिथून निघाले ती जागा त्यांना पाहायची होती.

पाहुणे येणार म्हटल्यावर रत्नाबाईंची झोप उडाली. "परदेशातला माणूस इथं येऊन पडला, तर काय अब्रू राहील आपली?" असे म्हणून त्यांनी बाजारातल्या सुताराला बोलावले. त्याने माझे पाय टोकांना नेले, बारा खिळे ठोकले आणि मला चकचकीत पॉलिश केले. मित्रांनो, आयुष्यात प्रथमच मी ताठ उभा होतो, आणि इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

जागृती आली. तिने गोल टेबल बाजूला करवले आणि मला आत आणायला सांगितले. माझ्या पॉलिशवरून तिने एकदा हात फिरवला, पण बैठकीची वेळ झाली होती. विपुल एका टोकाला बसला, सुका दुसऱ्या. पाहुणे भिंतीशी बसले.

"देख सुका, नियम सबके लिए एक है," विपुल म्हणाला. "चहा कँटीनमध्येच. नियम काय मी घरी बनवतो?"

"नाय साहेब."

"मग किटली कशाला आणायचास?"

"लोकं चाय सोडत होती साहेब. धावताना सांडायची."

"दहा मिनिटं पुरत नाहीत? मला पाच पुरतात."

"तुमची केबिन कुठे आहे?" जागृतीने विचारले.

"कँटीनच्या वर."

रत्नाबाईंना खोकला आला. एक पाहुणा वहीत काहीतरी लिहू लागला. ते पाहून विपुलचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मीच चुकलो. ठीक आहे, कोर्टात बघू. मी उठतो."

तो 'मी उठतो' म्हणाला खरा, पण उठला नाही. एकदा पडलेल्या माणसाच्या कंबरेला जे आठवते ते त्याला आठवले असावे. माझी कड धरून तो थांबला.

"थांबा साहेब," सुका घाईने म्हणाला. "सरकतो."

आणि तो सरकला. मी आता कोणालाच पाडणार नव्हतो, पण ते त्या दोघांना ठाऊक नव्हते. सुका माझ्या मधोमध आला तेव्हा त्याचा खांदा विपुलच्या खांद्याला लागला. इतक्या जवळून मोठ्याने बोलता येत नाही. सुका हळू आवाजात म्हणाला, "साहेब, एकदा माझ्यासंगं चालून बघा. भोंगा झाल्यापासून. मंग उठा, मी काय बोलनार नाय."

विपुल वळून भिंतीवरच्या पाटीकडे पाहत राहिला. पाहुण्याने जागृतीला खुणेने विचारले, हा जात का नाही? "शेजारी सावरतोय," ती म्हणाली. पाहुण्याने घड्याळ पाहिले.

"तीनचा भोंगा व्हायला वीस मिनिटं आहेत," विपुल अखेर म्हणाला. "चल."

सगळे गेले. मी मागे राहिलो. पुढचे मला रत्नाबाईंच्या तोंडून कळले आणि त्यांनी ते पुढे महिनाभर जो येईल त्याला सांगितले. भोंगा होताच सुका निघाला आणि त्याच्यामागे साहेब, कातडी बुटांत. वाटेत खोकी वाहणारी गाडी आडवी आली, तिथे थांबावे लागले. कँटीनला रांग. "साहेब म्हणून कोनी पुढं सोडला नाय, जागृतीताईंनी सक्त ताकीद दिली होती," रत्नाबाई सांगत. "शेवटी चाय मिळाली. फुंकर मारून तोंडाला लावनार, तर भोंगा झाला. साहेबांच्या हातात चाय, आन तोंडात काय नाय." विपुल कप घेऊनच धावला. शेडपर्यंत कप पोचला, चहा शर्टावर राहिला.

त्याच शर्टात तो परत आला आणि माझ्यावर बसला. त्याने शर्टावरचा डाग एकदा पुसून पाहिला. मग म्हणाला, "प्रत्येक शेडच्या दाराशी चहाची जागा करू. मशीनपासून लांब. लिहा." जागृतीने लिहिले. "आणि सुका सोमवारपासून कामावर." तेही लिहिले. सुकाने सही केली. तो मराठी सातवीपर्यंत शिकला होता. सहीतले एकेक अक्षर त्याने जमुनेला शिकवावे तसे सावकाश काढले.

मग पेनची शाई संपली आणि दुसरे पेन आणायला विपुल न सांगता उठला.

सगळे दचकले. सुका तर दोन्ही हातांनी मला धरून बसला. काहीच झाले नाही. विपुल बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला.

"हा पडत का नाही?" त्याने जवळजवळ तक्रारीच्या सुरात विचारले.

"ताई, मीच पाय सरकवले," रत्नाबाई पदराशी चाळा करीत म्हणाल्या. "पाहुणे पडले असते तर?"

ज्या दोषावर माझे नाव उभे होते तो काढून टाकला होता, आणि माझ्यावाचून ते सांगून उठले होते, थांबले होते, सरकले होते. मला आनंद झाला. तो आनंद थोडा खारट होता.

"यांना सवय झाली आहे," जागृती हळूच म्हणाली. "उद्या नवी माणसे येतील. त्यांचे काय?"

"मी नेतो याला चिंचनीला," सुका म्हणाला. "सोमवारपरेंत मोकळाच हाय."

तो आणि रत्नाबाई मला टेम्पोतून घेऊन गेले. धर्माजी आता फार थकले आहेत. त्यांनी माझ्यावरून नजर फिरवली. "याला नवरदेव कोनी केला?" त्यांनी विचारले. रत्नाबाई समुद्राकडे पाहू लागल्या. सुकाने एकेक करून बारा खिळे उपटले, धर्माजींनी वितीने मोजून पाय पुन्हा मध्याजवळ घेतले. ते काम त्यांनी इतक्या काळजीने चुकीचे केले की माझ्या डोळ्यांत पाणी आले असते; मीठ तर आलेच.

"बसा, बगू," धर्माजी म्हणाले. रत्नाबाई एका टोकाला बसल्या आणि ते स्वतः दुसऱ्या टोकाला. मग ते विडी शोधायला उठले.

वीस.

"सांगायचं नाय का, म्हातारबा?" रत्नाबाई वाळूतून म्हणाल्या.

"इसरलो," धर्माजी म्हणाले आणि त्यांना हात द्यायला वाकले. त्या दिवशी हळद कोणी लावली नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा सालवडच्या त्या खोलीत, पाटीच्या पुढे आहे. कोणी मला सरळ करायला निघाले तर त्याला थोडे थांबवा. मला पुसा, झाडा, पाण्याचे जार हवे तर दुसरीकडे ठेवा, पण माझे पाय जिथे आहेत तिथे राहू द्या. आणि कधी वर आलात तर अवश्य बसा. फक्त तुमच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहा, आणि उठताना त्याला सांगा. तो सरकेपर्यंत मी तुम्हा दोघांनाही धरून असेन.