बासष्ट पॉइंट चार

शाळेच्या शेवटच्या वर्षी मी माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला आणि वर्षभर कॉम्प्युटरची चित्रं काढली. थट्टा करत नाहीये. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये उजव्या पानावर निळ्या शाईने प्रोग्रॅम लिहायचा आणि समोरच्या कोऱ्या पानावर पट्टीने चौकट आखून, तिचे कोपरे नाण्याने गोल करून, आत पेन्सिलने आउटपुट लिहायचं. चौकट म्हणजे स्क्रीन. कोपरे गोल नसले तर अर्धा मार्क जायचा.

सरांना आम्ही कव्हर सर म्हणायचो. लॅबमधल्या बारा कॉम्प्युटरना त्यांनी जाड कापडाची कव्हरं शिवून घेतली होती आणि ती काढायला त्यांचा जीव होत नसे. "धूळ जाते आत," म्हणायचे. माउस त्यांनी फळ्यावर खडूने काढून शिकवला, आणि डबल क्लिक टेबलावर बोट दोनदा आपटून. दारावर पाटी काय, तर 'अद्ययावत संगणक कक्ष'. आत बारापैकी चार मशीन चालू. नाव मोठं, लक्षण खोटं.

मला त्या माणसाचा तिटकारा होता आणि तो मी लपवतही नव्हते. त्याहून जास्त तिटकारा वर्गाचा. सर निदान पगारासाठी मूर्खपणा करत होते, ही मंडळी फुकटात करत होती.

कारण आउटपुट यायचं कुठून, तर कपाटातल्या मॉडेल फाइलमधून. कधीकाळच्या कुणा हुशार मुलीची ती फाइल, मोत्यांसारखं अक्षर. दरवर्षीचा वर्ग तिच्यावरून उतरवून काढायचा. त्यातला सातवा प्रोग्रॅम पाच विषयांच्या मार्कांची सरासरी काढायचा. मार्क होते ७१, ५८, ६४, ४९, ८०. खाली गोल कोपऱ्यांच्या सुंदर चौकटीत आउटपुट: ६२.४.

माझी मावशी एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. रविवारी पेशंट कमी असले की ती मला तिच्या खुर्चीवर, कॉम्प्युटरसमोर बसू द्यायची. तिथे मी सातवा प्रोग्रॅम चालवला. ६४.४ आलं. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. माझं काय चुकलं म्हणून मी ओळ न् ओळ तपासत बसले, तेव्हा मावशी मागून म्हणाली, "अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? पाच आकडे आहेत, बेरीज कर की."

बेरीज तीनशे बावीस. भागिले पाच, चौसष्ट पॉइंट चार. इतकी वर्षं इतक्या पोरांनी ती चौकट आखली, कोपरे गोल केले, आणि एकालाही पाच आकड्यांची बेरीज करावीशी वाटली नव्हती. मी खिडकीत एकटीच हसत सुटले.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी बेरीज केली नाहीच, माझ्याकडे पाहिलं. "ही फाइल बाहेरच्या परीक्षकांनी पास केलेली आहे. तू त्यांच्यापेक्षा शहाणी का?"

वर्गात सांगितलं तर मागून कुणीतरी जांभई देत म्हणालं, "आहे ते उतरव ना बाई. कशाला डोक्याला ताप?"

ऐकलं फक्त चिमणीने. चिमणी म्हणजे माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण. आवाज इतका बारीक की हजेरी घेताना सर दोनदा नाव घ्यायचे. "तू म्हणतेस तर तसंच असणार," ती म्हणाली, पण खोडायला तिचा हात धजेना.

"मग राहा मेंढरू होऊन," मी म्हणाले. "मला भित्र्या माणसांची कीव येते."

तिने मुकाट्याने खोडरबर घेतलं, बासष्ट खोडलं आणि चौसष्ट लिहिलं. प्रॅक्टिकलला तीस मार्क होते. पंचवीसच्या खाली गेलं की कॉम्प्युटरच्या कॉलेजचं दार बंद. आम्हा दोघींना तिथेच जायचं होतं, तिथेही एकाच बाकावर बसायचं ठरलं होतं.

परीक्षेच्या दिवशी कव्हरं निघाली. चार चालू मशीन, म्हणून चौघाचौघांची तुकडी. मी आणि चिमणी एका तुकडीत, शेजारशेजारच्या मशीनवर. चिठ्ठी आली सातव्या प्रोग्रॅमची. मी टाइप केला, चालवला. ६४.४. चिमणीच्या स्क्रीनवरही ६४.४. बाकीच्या दोघांच्या स्क्रीनवर काय आलं ते त्यांनी पाहिलंच नाही, घरून पाठ केलेलं ६२.४ लिहून ते मोकळे झाले आणि स्क्रीन पुसून बसले.

परीक्षक चहाचा कप घेऊन आले. दुसऱ्या हातात मॉडेल फाइल. ते दोघांपाशी थांबले, मान हलवली. माझ्या फाइलपाशी थांबले आणि कपाळाला आठी पडली.

"हे वेगळं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत कव्हर सर पुढे झाले. "मशीन जुनी झालीत सर. कधी कधी चुकतात."

नाचता येईना अंगण वाकडं! तीनशे बावीस भागिले पाच, एवढंच म्हणायचं होतं. वर्षभर ते वाक्य मी घोळवलं होतं. सरांचा चेहरा कसा पडेल तेही ठरवून ठेवलं होतं.

"मशीन चुकलं तर चुकलं," परीक्षक म्हणाले. "पण फाइलशी जुळलं नाही तर मी पास करू शकत नाही. दुरुस्त करा. दोन मिनिटं देतो."

पेन्सिलचं लिखाण, खोडायला कितीसा वेळ लागतो? मी चौसष्ट खोडलं, बासष्ट लिहिलं आणि स्क्रीनही पुसून टाकली.

चिमणी उभी राहिली. "सर, मशीन बरोबर आहे," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दोन्ही मशीनवर हेच आलंय. हिच्याही."

परीक्षक माझ्याकडे वळले. "तुझ्या स्क्रीनवर काय आलं होतं?"

कव्हर सर माझ्याकडे बघत होते. चिमणी बघत नव्हती, तिला उत्तर माहीत होतं.

"बासष्ट पॉइंट चार," मी म्हणाले.

परीक्षकांनी चिमणीच्या फाइलवर लाल पेनने नऊ लिहिले आणि कप खाली ठेवला. मला अठ्ठावीस मिळाले. वर्गातल्या एकाही मेंढराला मी इतकं तुच्छ मानलं नव्हतं जितकं त्या मिनिटाला स्वतःला मानलं, पण उठून बोलले मात्र नाही.

बाहेर व्हरांड्यात चिमणी माझी वाट बघत उभी होती. ती भांडेल, तोंडावर बोलेल, म्हणून मी तयारीने गेले. तिचे डोळे लाल होते. तिने माझा हात धरला आणि नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं, "मग माझ्याच मशीनचं बिघडलं असेल का गं?"

"असेल," मी म्हणाले.