गिरीशची केस अडकली

ऐक गं रीमा. गिरीशच्या केसचं तुला मंडळात जे कळलं ना, त्यातलं अर्धंसुद्धा खरं नाही. खरं काय ते दोघांनाच ठाऊक, एक त्याला आणि एक मला. तो काही सांगायचा नाही, म्हणून मी सांगते. चहा घे आणि त्या स्टुलावर बस. कोपर जरा सांभाळ, तिथे तेल सांडलंय.

हे टेबलाला आवळलेलं यंत्र बघितलंस, लांब दांड्याचं? हा प्रेस, आमच्या ह्यांचा. अमेरिकेत, इथे प्लेनोत आल्यावर लोकांनी गोल्फ धरला, ह्यांनी रायफल धरली. पण दुकानातली गोळी पटायची नाही. म्हणायचे, दुसऱ्याच्या हातचं जेवल्यासारखं वाटतं. मग ह्याच गराजात घरची गोळी भरायला लागले.

आता हे नीट समजून घे, म्हणजे पुढची मजा कळेल. गोळी उडाली की मागे पितळेची पुंगळी राहते. इथले लोक तिला केस म्हणतात. ती फुगलेली असते. परत वापरायची तर मापात आणावी लागते, त्यासाठी पोलादी साच्यात दाबायची. तो साचा म्हणजे डाय. पण नुसतीच दाबलीस तर बसली अडकून. बांगडी भरताना कासार हाताला साबण लावतो की नाही, तसं केसला वंगण लागतं. नाही लागलं तर केस आत जाते ती जातेच. दांडा जोरात उलटा ओढलास तर तिची बुडाची कड तेवढी फाटून येते आणि बाकीची आतच. मग डाय पण गेली आणि केस पण.

ह्यांची डाय तशी साधी नव्हती. गार्लंडला मशीन शॉपमध्ये होते ना हे, तिथे जेवणाच्या सुट्टीत बसून तिला आतून घासलेली, पुसलेली, परत घासलेली. स्वतःच्या रायफलच्या मापाला. तशी दुसरी मिळायची नाही, कारण घासणारा गेला.

आणि पुढे हात कापायला लागले ह्यांचे. औषधं चालू होती, पण चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोचायची नाही. तेव्हापासून माप त्यांचं आणि दांडा माझा. ते त्या खुर्चीत बसून नुसतं ऐकायचे. दांड्याचा आवाज जरा बदलला की म्हणायचे, शैला थांब, कोरडी आहे ही. नेमबाजीच्या रेंजवर रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारायची असते, फक्त बोट हलवायचं, म्हणून नेम राहिला. तिथे ह्यांनी शेवटी जी बक्षिसं मारली, ती सगळी माझ्या हातच्या गोळीची. बाहेर कोणाला सांगितलं नाही. बायको भरून देते म्हटल्यावर लोक हसतील असं त्यांना वाटायचं, आणि मला डब्यांची कामं होती, मला काय करायचंय नाव.

गिरीश यायचा दर रविवारी. ह्यांचं बघून त्यानेही तश्शीच रायफल आणि प्रेस घेतलेला. ह्यांच्यापेक्षा लहान, त्यांना चारूदा म्हणायचा, मला वहिनी. माझ्या हातचं पिठलं ताट पुसून खायचा. एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम, आणि मंडळात सगळ्यांचा ग्रीन कार्डचा गुरू. कोणाचं काही अडलं की गिरीशला विचारा. तुझा वकील चुकला, तू तेव्हाच मला विचारायला पाहिजे होतंस, असं प्रत्येकाला ऐकवायचा. स्वतःची ग्रीन कार्डची केस म्हणे एकदम क्लीन, आता लागलीच बघ.

हे गेले. दिवस झाले, माणसं पांगली, मी गराजात आले तर डायची डबी रिकामी. मला वाटलं मीच कुठे ठेवली. सगळं उपसलं. आणि मग महिनाभराने मंडळाच्या जेवणात मी मसालेभात वाढत होते, आणि पलीकडच्या टेबलावर हा गिरीश सांगतोय, चारूदांनी जाता जाता आपली डाय मला दिली. म्हणाले, गिरीश, तूच सांभाळशील. कोणीतरी विचारलं, वहिनींना नाही का ठेवली? तर हा हसून म्हणतो, "वहिनींना काय यार, त्यांना ती डाय आणि चकलीचा सोऱ्या सारखाच."

टेबल हसलं. माझ्या हातात भाताचा डाव होता. रीमा, तो डाव मी कसा खाली ठेवला ते मला माहीत.

अगं, डाय नेली याचा राग एक. पण जाता जाता दिली? शेवटचा आठवडाभर ह्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी उशाशी होते. माझ्याशी एक अक्षर बोलू शकले नाहीत ते, आणि ह्याच्याशी वाक्यं बोलले? मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द कोंबले त्याने, आणि तेही मला वगळणारे. ते मला पचलं नाही. अजून नाही पचलं.

मी सरळ मागितली आधी. फोन केला, घरी गेले. तो म्हणाला, वहिनी, चारूदांची इच्छा होती, मी कसं मोडू. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला मेला. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं, डाय तर आणीनच, पण ह्याच्याच तोंडून वदवून आणीन की दिली नव्हती.

मग वाट बघत बसले. मला घाई नव्हती, मला रात्रंदिवस तेवढंच होतं.

ऑगस्ट संपता संपता त्याचा फोन आला, मधाळ आवाजात. वहिनी, चारूदा ते घरचं वंगण करायचे ना, स्प्रेच्या बाटलीतलं, त्याची रेसिपी माहिती आहे का हो? शनिवारी रेंजवर मोठी मॅच आहे, त्यांच्याच पद्धतीने भरावं म्हणतोय.

रेसिपी म्हणाला बघ. तो शब्द त्याने माझ्याकडे वापरायला नको होता.

आपल्याकडे बायका रेसिपी कशी देतात तुला माहिती आहे. माझ्या सासूने गावभर गोडा मसाला सांगितला, आणि तसा मसाला गावात कोणाचा झाला नाही. खोटं काही सांगायचं नाही. एकच गोष्ट सांगायची राहून जाते. मी त्याला सगळं खरं सांगितलं. मेंढीच्या लोकरीचं मेण आणायचं, स्पिरिटमध्ये विरघळवायचं, बाटली गरम पाण्यात धरायची, हलवायची, केसवर मारायचं, केस लोळवायच्या. तो हं हं करत होता. मग म्हणाला, झालं? मी म्हटलं, झालं की.

वाळू द्यायच्या ते राहिलं सांगायचं. स्पिरिट उडून गेलं की मेण काम करतं. ओल्या असताना डायमध्ये घातल्या तर वरून चकचकतात, आणि आत गेल्या की कोरड्याच. बाटलीवर ह्यांनी चिठ्ठी लावली नव्हती, कारण वाळल्या की नाही ते मी नखाने बघायचे.

डायला ओरखडा गेला असता तर, असं आलं मनात. पण ह्यांनी आतून काचेसारखी केलेली ती, आणि पितळ पोलादापुढे मऊ. मी धोका घेतला. मला झोप लागली त्या दिवशी, खरं सांगते.

आता ऐक. गणपतीच्या आधीचा गुरुवार. मंडळाच्या प्रसादाचे लाडू माझ्याकडे वळत होते. मंडळातली पद्मिनी होती, आणखी चौघी होत्या, सगळ्यांचे हात तुपात. फोन वाजला, माझे हात भरलेले, म्हणून पद्मिनीने कोपराने स्पीकर लावला. आणि गिरीशचा आवाज, अगदी रडवेला.

"वहिनी, माझी केस अडकलीय. काही केल्या हलत नाही. शनिवारच्या आत निघाली नाही तर मी संपलो."

पद्मिनीचा लाडू हातातच फुटला. इथे केस अडकली म्हटल्यावर कोणाच्या डोक्यात काय येतं, ते तुला मी सांगायला नको. अर्ध्याअधिक घरांत तेच दुखणं आहे.

मला तोंड उघडून सांगता आलं असतं की बायांनो, पुंगळी ती. मी म्हटलं, "अरेरे." एवढंच म्हटलं. मग म्हटलं, कशी रे अडकली, तुझी तर एकदम क्लीन होती. तो म्हणाला, क्लीनच होती हो, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, जोर लावला तर मागची बाजूच फाटली. पद्मिनीने पदर तोंडाला लावला.

मी सांगितलं, उद्या दुपारी घेऊन ये, बघू. फोन बंद झाला तशी पद्मिनी म्हणाली, काकू, तुम्ही ह्यात काय बघणार? मी म्हटलं, देवापुढे ठेवीन.

लाडू वळून व्हायच्या आत पलीकडच्या गावात, फ्रिस्कोपर्यंत बातमी गेली. रात्रीत त्याला म्हणे पंचवीस फोन. ज्याला ज्याला त्याने ऐकवलं होतं ना, तुझा वकील चुकला म्हणून, तो प्रत्येक जण आपल्या वकिलाचा नंबर घेऊन हजर. मंडळातल्या शंतनूने तर सांगितलं, भारतात परत जावं लागलं आणि घर विकायचं असेल तर माझ्या ओळखीचा एजंट आहे. हा ओरडतोय, अरे ती केस नाही. ते म्हणतायत, हो हो, आम्ही कोणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डाय मोज्यात गुंडाळून आणली होती, माझ्या ह्यांची डाय, मोज्यात. डायच्या मधून आरपार एक सळई जाते, ती वरून हातोडी मारून मारून वाकवलेली. चेहरा असा की झोप नाही. म्हणाला, वहिनी, आधी लोकांना सांगा ही कुठली केस. तुमच्याच घरातून सुरू झालंय. आणि हे काढता येत असेल तर काढा, चारूदांकडे ती अवजारं होती.

मी त्याला त्याच खुर्चीत बसवलं, ह्यांच्या. चहा विचारला नाही. म्हटलं, "गिरीश, दोन्ही केसेस मी सोडवते. माझं एकच काम कर. डाय तुला दिली होती का, ते सांग."

तो म्हणाला, जाऊ द्या ना वहिनी, आता काय. मी मोजा उचलला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, शनिवारच्या मॅचला शुभेच्छा.

त्याने मोजा उलगडला, परत गुंडाळला. मग तो खाली मान घालून म्हणाला, "नाही दिली. ते बोलूच शकत नव्हते. मी उचलली."

मी म्हटलं, मला माहिती आहे ते, मला कशाला सांगतोस. आणि पद्मिनीला फोन लावला, स्पीकरवर. त्याच्यापुढे धरला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, रीमा, की मी आयुष्यभर पुरवून खाईन.

"पद्मिनीताई, गिरीश बोलतोय. चारूदांनी डाय मला दिली नव्हती. वहिनींना न विचारता मी नेली. आणि त्या सोऱ्याचं बोललो तेही चुकलं."

पद्मिनी अगदी मायेने म्हणाली, "असू दे हो. असल्या काळात माणसाला सगळं आठवतं. तुम्ही केसचं टेन्शन घेऊ नका."

मी फोन ठेवला. हसू दाबायला मला भिंतीकडे तोंड करावं लागलं.

मग कामाला लागले. डाय शिकंज्यात धरली, वाकलेली सळई जेवढी वर येईल तेवढी फिरवून घेतली, केसच्या बुडाला भोक पाडलं, त्यात आटे पाडले. वर पोकळ टोपी ठेवून बोल्ट घातला आणि पाना फिरवायला लागले. हळू, एकेक वेढा. तो उभा राहून बघत होता. रोज शंभर पोळ्यांची कणीक मळलेले हात हे, तरी घाम आला. एका जागी बोल्ट अडला, मी थांबले, आवाज ऐकला, परत फिरवला. टक् झालं आणि केस आली बाहेर. आत बोट घालून बघितलं. एक रेघ नाही, काचेसारखी.

त्याने हात पुढे केला. मी त्याच्या तळहातावर ती फाटकी पुंगळी ठेवली, बोल्टासकट.

"केस तुझी. डाय चारुदत्तची."

तो म्हणाला, पण मॅच? मी म्हटलं, दुकानात मिळते की गोळी. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, वहिनी, लोकांना सांगाल ना, ग्रीन कार्डाचं? मी म्हटलं, सांगेन. शब्द दिलाय तर सांगणारच. कधी ते त्याने विचारलं नाही.

आता तुला सगळं कळलं, आणि तू जातेस रविवारी मंडळात. तिथे बिचाऱ्या गिरीशसाठी एकेकाचा जीव तुटतोय. पद्मिनीने तर त्याच्यासाठी संकष्टी धरलीय. तो मान खाली घालून ऐकून घेतो, मी वाढायला असते तेव्हा बघते. तेवढं बघायला मिळतंय तोवर मिळू दे मला. दिवाळी होईपर्यंत, रीमा, कोणी विचारलं ती केस कसली म्हणून, तर काही बोलू नकोस. नुसतं अरेरे म्हण.