हुपरीची ऐरण, हात लावू नये

मित्रांनो, मी ऐरण. जुनी, हुपरीची आणि तोंडानं फटकळ. जन्मभर हातोडीचे घाव खाल्ले, त्यामुळे गोड बोलायला शिकायची सवडच मिळाली नाही. ऐकायचं तर ऐका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी घडले. अक्काताईंच्या नवऱ्यानं मला एसटीच्या टपावर टाकून हुपरीला आणलं आणि बाभळीच्या ओंडक्यात ठोकून बसवलं. तो लवकर गेला. मग अक्काताई स्वतः माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. चांदीची तार माझ्यावर चपटी व्हायची, तिचे पैंजण व्हायचे. त्या पैंजणांवर त्यांचा रामलिंग वाढला, शिकला आणि पुढे तोही माझ्यासमोर बसला. घाव चांगला बसला की मी ठण्ण वाजायचे. आतून अक्काताई ओरडायच्या, "आत्ता बसला बघ घाव!" याहून मोठं कौतुक मला नको होतं.

शहाण्णव सालच्या खंडेनवमीला घात झाला. त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा, म्हणून कामाला सुट्टी. मला धुऊन-पुसून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, झेंडूची माळ घातली होती. नेमकी त्याच दिवशी दारात पांढरी गाडी उभी राहिली. मुंबईचं एक गर्भश्रीमंत घराणं आपल्या पैशानं कलासंस्था चालवत होतं. आपल्या आणि शेजारच्या देशांतले नवे कलाकार परदेशी कलाकारांशी जोडून द्यायचे, हे त्यांचं पुण्यकर्म. ढाका झालं, लाहोर झालं, आता कोल्हापूरची पाळी. पुढे संस्थेच्या ऋताबाई, मागे हॉलंडचा यान नावाचा कलाकार. यानसाहेबांनी मला पाहिलं आणि जमिनीवर बसकण मारून डोळेच मिटले. ऋताबाई कुजबुजल्या, "त्याला इथं फार शांत वाटतंय." शांत! दुसऱ्या कुठल्याही दिवशी आले असते, तर कानात बोटं घालून पळाले असते.

त्यांना वाटलं, हिचं काम कधीच संपलंय, आता ही नुसती पूजेची वस्तू. विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण या मंडळींना विचारण्यापेक्षा भारावून जायचीच घाई फार.

ऐरण द्या, तुम्ही यानचे सहकलाकार, तुम्हाला विमानानं हॉलंडला नेऊ, असं ऋताबाईंनी रामलिंगला सांगितलं. विमानाचं नाव निघालं आणि आमचा गडी पाघळला.

"अव्वा, लगीनसराईच्या आत परत देत्यात की," तो आईला म्हणाला.

"आन तंवर? पैंजण काय गुडघ्यावर ठोकू व्हय?" अक्काताई कडाडल्या. तरी त्यानं मला गाडीत घातलंच.

विभूती पुसली जाऊ नये म्हणून यानसाहेबांनी माझ्यावर व्हार्निश फवारलं. वा रे कलाकार! हॉलंडात मला पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवलं. रामलिंगला शेजारी पाटावर बसवलं आणि हातात हातोडी दिली. पण मारायचं नाही! माझा विमा उतरवला होता म्हणे. मग हा पठ्ठ्या रोज हातोडी वर धरून नुसता बसायचा आणि लोक गहिवरून बघायचे. यानपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. यानला बिचाऱ्याला काय कळतंय? याला सगळं कळत होतं.

लगीनसराई गेली, पुढचीही गेली. संस्था मला देशोदेशी फिरवत राहिली, रामलिंग माझ्यामागे शेपटासारखा. घरी अक्काताई शेजाऱ्यांचं काम आटोपलं की त्यांच्या ऐरणीसमोर जाऊन बसायच्या. फोनवर रामलिंग त्यांना नवी ऐरण आणायला सांगायचा. "ती माझ्या हाताची झालीया. कवा आणतोस?" एवढंच त्या विचारायच्या. "बघू की," म्हणून तो फोन ठेवायचा.

दोन हजार तीन साली कला तिच्या मातीत परत न्यायची, असं संस्थेच्या डोक्यात आलं आणि कोल्हापुरात प्रदर्शन भरलं. अक्काताई एसटीनं आल्या, पिशवीत हातोडी घेऊन. मला वाटलं, सुटले एकदाची.

रामलिंग आडवा आला. "अव्वा, हात लावू नगंस. आर्ट हाय त्ये."

"आर्ट? तुझ्या बाची ऐरण हाय ती!"

हातोडी माझ्या कपाळावर बसली. ठण्ण! व्हार्निशचे पापुद्रे उडाले. इतक्या वर्षांनी मी माझा आवाज ऐकला. मला रडू आलं.

आणि सगळं दालन टाळ्या वाजवू लागलं. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग! यानसाहेबांनी डोळे टिपले. ऋताबाईंनी अक्काताईंचे हात धरून त्यांना कोलंबोच्या प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. रामलिंग? तोही टाळ्या वाजवत होता.

अक्काताईंनी हात सोडवून घेतले. "मला टाळ्या नगंत. माझी ऐरण द्या," त्या म्हणाल्या. त्यावर टाळ्या आणखी वाढल्या. त्या पदरानं तोंड पुसत एकट्याच बाहेर गेल्या. मला कोलंबोच्या खोक्यात भरलं.

मित्रांनो, मी अजून चौथऱ्यावरच आहे. मला मऊ फडक्यानं पुसतात, गार हवेत ठेवतात, माझ्यापाशी कुणाला फिरकू देत नाहीत. असली काळजी त्यांनाच लखलाभ होवो. तुमच्या घरात जुनं अवजार असेल तर त्याला शोभेला ठेवू नका, कामाला लावा. आणि कधी माझ्यापर्यंत पोचलात, तर मला एक सणसणीत घाव घाला. पण तुमच्या पाया पडते, टाळ्या वाजवू नका.