रुखवतातून आलेली मांजर

नुरमत-ओतांच्या मुलाचं, शेरअलीचं, लग्न झालं आणि घरी सून आली ती टेंपोभर सामान घेऊन. बारा गाद्या, चौदा रजया, रिश्तानच्या निळ्या थाळ्यांची चळत, लोखंडी पट्ट्यांची पेटी आणि एक मांजर. मांजर कुणी यादीत धरलेली नव्हती. मर्गिलान शहरातल्या शेजारणी रुखवत बघायला जमल्या, सासूबाईंनी, म्हणजे सालोमतनं, पेटीचं झाकण उघडलं, आणि रेशमी कापडांमधून एक करडी, झुबकेदार शेपटीची मांजर बाहेर आली. तिनं आळोखेपिळोखे दिले आणि थेट नुरमत-ओतांच्या लोडावर जाऊन बसली. नवी सून झुलहुमोर मान खाली घालून उभी होती. तिच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

या घराला प्राण्यांचं वावडं नव्हतं. तळघरातल्या गाजरांच्या वाळूत एक कासव एकोणीस हिवाळे झोपून उठलं होतं. कुर्बानीसाठी आणलेला एक मेंढा सगळ्यांना इतका आवडला, की त्याला कापायचं धाडस कुणाला होईना. तो म्हातारा होऊन, रोज दोन वेळा साखर घातलेला चहा पिऊन, आपल्या मरणानं मेला. एका साळुंकीला नुरमत-ओतांनी बोलायला शिकवलं, पण ती शिकली फक्त सालोमतच्या शिव्या. मात्र मांजर नको, हा त्यांचा नियम होता. त्यांचा जीव लाव्यांवर. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या बोक्यानं एका दुपारी त्यांचे दोन लावे फस्त केले होते, आणि ते दुःख अजून ताजं होतं.

पण सुनेनं उंबरा ओलांडला त्याच दिवशी तिची मांजर हाकलायची, इतकं काही त्यांचं काळीज दगडाचं नव्हतं. त्यांनी लाव्यांचे सुक्या भोपळ्याचे पिंजरे हातभर वर टांगले आणि मांजर, तिचं नाव मोमिक, घरात राहिली.

खरी पंचाईत वेगळीच होती. सून बोलेना. नव्या सुनेनं सासऱ्यापुढे मोजकं आणि हळू बोलावं ही तिथली रीत, पण झुलहुमोरनं ती जरा जास्तच मनावर घेतली होती. पहाटे उठून अंगण झाडायची, कमरेत वाकून सलाम करायची, चहाचा कप छातीवर हात ठेवून पुढे करायची. काहीही सांगा, उत्तर एकच: “बरं, ओताजान,” म्हणजे ‘बरं, बाबा’. तीन महिन्यांत तिसरा शब्द नुरमत-ओतांच्या कानांवर पडला नव्हता. स्वयंपाकघरात मात्र मोमिकपाशी तिची टकळी अखंड चालायची. नुरमत-ओता द्राक्षाचा वेल बघायच्या निमित्तानं तंदूरमागच्या भिंतीशी उभे राहायचे आणि ऐकायचे. माहेरच्या, रिश्तानच्या, सगळ्या भानगडी ती मांजरीला सांगायची. एकदा तर तिनं खुद्द त्यांच्या घोरण्याची नक्कल केली आणि त्यांना तोंडावर हात दाबून तिथून पळावं लागलं.

तीन लेकी सासरी गेल्यापासून घर मुकं झालं होतं. या पोरीनं मांजरीशी बोलते तसं आपल्याशी बोलावं, एवढंच आता त्यांना हवं होतं. सालोमत म्हणायची, होईल हळूहळू, मी नाही का दोन वर्षं गप्प होते? त्यावर नुरमत-ओता म्हणायचे, हो, आणि त्याची भरपाई चाळीस वर्षं चालू आहे.

त्यांच्या लाव्यांमध्ये सगळ्यात लाडका होता काझी. तो सगळ्यात शेवटी बोलायचा आणि तो बोलला की बाकीचे गप्प बसायचे, म्हणून हे नाव. सलग अकरा वेळा ‘पिट-बिल्डिक’ म्हणायचा. चायखान्यात असे आवाज मोजणारी जाणती मंडळी बसत, आणि अकराचा पक्षी बाळगणाऱ्याला तिथं भिंतीजवळची मानाची जागा मिळे. पक्षी माणसाळावा म्हणून नुरमत-ओता रोज सकाळी त्याला आपल्या चपानच्या, म्हणजे कापूस भरलेल्या लांब अंगरख्याच्या, बाहीत घेऊन फिरत. बाहीच्या आत सालोमतनं त्यासाठी खास पिशवी शिवून दिली होती.

कापणी उरकल्यानंतरच्या एका सकाळी ते असेच काझीला बाहीत घेऊन फिरत असताना शेजाऱ्यानं भिंतीवरून हाक मारली, की मेंढा बघायला या. ऊन चढलं होतं. नुरमत-ओतांनी चपान ओट्यावर टाकला आणि गेले. मेंढ्याचे दात बघून, त्याच्या शेपटीच्या चरबीवर मतं देऊन दोन तासांनी परतले, तर काझीचा पिंजरा उघडा आणि रिकामा. खाली मोमिक पंजे चाटत बसलेली, आणि तिच्या मिशीजवळ एक पिवळसर पीस.

पक्षी आपण परत पिंजऱ्यात ठेवला, याची नुरमत-ओतांना पक्की खात्री होती. रोजच ठेवायचे. सवयीची गोष्ट आपण केली की नाही हे कोण आठवत बसतं?

ते ओरडले नाहीत. सालोमतला नुसतं म्हणाले, “शेरअली रिश्तानकडेच चाललाय ना? ही मांजर सुनेच्या माहेरी सोडून ये म्हणावं.”

झुलहुमोर दारात उभी होती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या खुंटीकडे पाहिलं. ओठ जरासे हलले. मग म्हणाली, “बरं, ओताजान.” मांजरीला तिनंच पिशवीत घातलं, आणि आत जाऊन धुतलेल्या वाट्या पुन्हा धुवायला लागली. दुपारी स्वयंपाकघरातून चकार शब्द आला नाही. नुरमत-ओता वेलाशी उभे राहून बघून आले.

संध्याकाळी दुःख हलकं करायला ते चायखान्यात गेले. हवेत गारवा होता, म्हणून चपान खुंटीवरून काढून खांद्यांवर नुसता टाकला होता. मंडळींनी काझीसाठी घरातलं माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. नुरमत-ओतांना भरून आलं. मांजरजात किती कृतघ्न, यावर ते बोलू लागले, आणि भाषण ऐन रंगात आलं असताना त्यांची डावी बाही म्हणाली, “पिट-बिल्डिक.”

मोजणाऱ्यांनी सवयीनं बोटं उघडली. बाही बोलतच राहिली आणि तेरावर थांबली. तेरा त्या चायखान्यात कुणी कधी ऐकले नव्हते. एरवी नुरमत-ओतांच्या आयुष्यातला तो सोन्याचा क्षण ठरला असता. पण कोपऱ्यातला हजाम म्हणाला, काखेत कळसा नि मांजरीला वनवास, आणि सगळा चायखाना इतका हसला की चहावाल्याला किटली खाली ठेवावी लागली.

घरी येऊन त्यांनी सालोमतला सगळं सांगितलं. सून चहा ओतत होती, तीही ऐकत होती. तिच्याशी दोन शब्द बोलावेत असं त्यांना फार वाटलं, पण सासऱ्यानं सुनेची माफी मागायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी एवढंच म्हटलं, की शेरअली उद्या जाऊन मांजर घेऊन येईल.

“शेरअली का म्हणून?” सालोमत म्हणाली. “तुम्ही धाडलीत, तुम्हीच आणा.”

सकाळी ते दोन गरम रोट्या फडक्यात बांधून वडापच्या गाडीनं रिश्तानला गेले. व्याह्यांच्या फाटकात पाऊल टाकलं आणि ते तिथंच थबकले. अंगणात चटया अंथरलेल्या. व्याही हकीमजान-उस्ता, एरवी हात मातीनं भरलेला कुंभार, आज स्वच्छ कपड्यांत ताठ बसलेला. त्याच्या बाजूला गल्लीतले तीन पांढऱ्या दाढीचे वडीलधारे. आतल्या खोलीतून बाईमाणसाचे हुंदके ऐकू येत होते. कोण वारलं हे विचारायचा त्यांना धीर होईना.

चहा झाला. रोटी मोडल्याशिवाय पाहुण्याला कामाचं विचारायचं नसतं, म्हणून रोटी मोडून झाली. मग हकीमजान-उस्ता म्हणाला, “व्याहीबुवा, आमच्या पोरीचं काय चुकलं ते एकदा सांगून टाका.”

“म्हणजे?” नुरमत-ओतांनी विचारलं. मग व्याह्यांच्या बोलण्यातून हळूहळू त्यांना सगळं उमगलं. शेरअलीनं काल गाडीचं इंजिन चालू ठेवूनच पिशवी फाटकात ठेवली होती आणि “ओतांनी परत पाठवलंय” एवढं बोलून तो निघून गेला होता. रुखवतातली एखादी वस्तू परत आली, की मागोमाग लेक परत येणार, असंच रिश्तानमध्ये धरतात. हे लोक रात्रभर जागे होते. आणि आज सकाळी सासरा स्वतः, न कळवता, एकटा दारात उभा.

लाव्यासाठी आलो होतो, वाटेत सहज डोकावलो, असं काही तरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तसं सांगणं त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण आतले हुंदके थांबत नव्हते, आणि ते ऐकत खोटं बोलणं त्यांना जमेना.

“पोरीचं काही चुकलं नाही,” ते दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, आत ऐकू जावं म्हणून. “चुकलं माझं. पक्षी माझ्या बाहीत होता आणि चोर ठरवली मांजर. तुमची लेक मागायला मी बायकांना पाठवलं होतं. मांजर मागायला मी स्वतः आलोय. द्याल का?”

मग तिघांतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ अतिशय गंभीरपणे म्हणाले, की मुलीकडच्यांनी पहिल्या खेपेला होकार देऊ नये. आत कुणीतरी रडता रडता हसलं. नुरमत-ओतांचा जीव भांड्यात पडला. मग पुलाव झाला, खरबूज कापलं गेलं, आणि तिसऱ्यांदा मागितल्यावर मोमिक त्यांच्या हवाली झाली. निघताना व्याहीणबाईंनी तिच्या गळ्यात नवी निळी फीत बांधली.

घरी पोचेतो दिवस कलला होता. झुलहुमोर अंगणात कपडे काढत होती. पिशवीचं तोंड सोडलं, तशी मोमिक उडी मारून तिच्याकडे धावली. पोरीनं तिला उचलून गालाशी धरलं. मग ती सासऱ्यांकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. चिडली होती.

“मी बघितलं होतं,” ती म्हणाली. “काझी बाहीत होता. तुम्ही शेजारी गेलात, तेव्हा बाही हलत होती. चपान मीच खुंटीला लावला, नाहीतर कुणीतरी त्याच्यावर बसलं असतं. बाहीत राळेही घातले. आणि तुम्ही आलात ते पिंजऱ्याखाली गळलेलं एक पीस बघून सरळ मोमिकवर आळ घेतलात.”

तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी एवढं बोलली होती. नुरमत-ओता ओट्यावर बसले.

“मग पोरी, तेव्हाच का बोलली नाहीस?”

“नव्या सुनेनं सासऱ्याला खोटं पाडायचं नसतं. आईनं निघताना दहा वेळा बजावलं होतं.”

नुरमत-ओतांना वाईट वाटलं, लाजही वाटली. एक पोरगी खरं गिळून बसली, म्हणून तिच्या आईनं एक रात्र रडून काढली होती. त्यांनी छातीवर हात ठेवला, जसा ती रोज चहा देताना ठेवायची.

“मला माफ कर,” ते म्हणाले. “आणि ऐक. या घरात माझं चुकलं की तिथल्या तिथं सांगायचं. चारचौघांत असलो तरी सांगायचं.”

झुलहुमोरनं सासूकडे पाहिलं. सालोमत कपड्यांच्या घड्या घालत होती, पण तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय.

“बरं, ओताजान,” झुलहुमोर म्हणाली. आणि जेवणं व्हायच्या आत तिनं सासऱ्यांच्या आणखी तीन चुका सांगितल्या. तिन्ही खऱ्या होत्या.