पेटीतले तीस हजार

माझं नाव धर्मराज. नावावर जाऊ नका. चौसाळ्याला हायवेच्या कडेला आमच्या सहकारी बँकेची शाखा हाय. तिच्या बगलेला काचेच्या खोलीत पैसे भरायची मशीन हाय, आन् त्या मशीनपाशी खुर्ची टाकून बसायचं हे मपलं काम. बंदूक न्हाई, काठी हाय.

ही मशीन कशी हाय ते आधी ऐका, म्हंजी पुढचं कळंल. मोठ्या बँकांच्या मशीनीत नोटा टाकल्या की घडीभरात मोबाइल वाजतो, पैसे खात्यावर. आमची तशी न्हाई. आमची नोटा गिळते, पावती देते आन् गप बसते. कामाच्या दिवशी संध्याकाळी साहेब पेटी उघडतात, नोटा तपासतात, मग पैसे खात्यावर पडतात. सुट्टीला टाकले तर बँक उघडंल त्या दिवशी. पावतीच्या बुडाला बारीक अक्षरात हे छापलंय, पण वाचतंय कोण? म्हणून मीच दिवसातून तीस बारी सांगतो. म्हातारी असो, ट्रकवाला असो, समद्यांना सांगतो.

एका माणसाला तेवढं सांगितलं न्हाई.

तो माणूस म्हंजी सुंदरराव. आमच्याच गावचा. दुष्काळाच्या साली आमच्या सोसायटीनं जनावरांची छावणी काढलती, तिची वही सुंदररावकडं होती. रोज सांजच्याला तो वही घेऊन दावणीनं फिरायचा. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर वहीत लिहायचा आन् नंबर लिहिला तरच चारा मिळायचा. माझी एकच गाय होती, तांबडी. दुभती, गरीब सोभावाची. एका दिवशी कुंपणाच्या बाभळीत तिचा कान अडकला, फाटला, आन् बिल्ला कुठं पडला ते घावलंच न्हाई.

सुंदरराव आला, कान बघितला आन् पुढं गेला. मी म्हणलो, "आवं, गाय उभी हाय ना तुमच्या म्होरं." तो म्हणला, "धर्मा, बिल्ला न्हाई तर जनावर न्हाई. वहीत न्हाई ते मला दिसत न्हाई." नवा बिल्ला यायला नऊ दिवस लागले. मी पाया पडलो, शेजारच्या दावणीतला उष्टा चारा गोळा करून घातला. तांबडी आठव्या दिवशी मेली. नवव्या दिवशी सुंदररावनं बिल्ला आणून माझ्या हातात दिला आन् वहीवर सही घेतली.

तो बिल्ला अजून मपल्या खिशात असतो, चाव्यांच्या जुडग्यात.

चार वर्षांनी, महिन्याचा दुसरा शनिवार. बँक बंद, मशीन चालू. एकच्या सुमाराला सुंदरराव आला, काखेत पिशवी, घामानं भिजलेला. छावणी गेली, सोसायटी बुडाली, त्याची वहीबी गेलती. त्याची लेक शिवकन्या नर्सिंगला लागलती अंबाजोगाईला. शेवटच्या यादीत नंबर आलता. ती सकाळीच तिथं जाऊन बसलती. पाचच्या आत तीस हजार भरायचे, रोख भरा न्हाईतर मोबाइलवरून भरा, पण पाचच्या आत. न्हाई भरले तर खालच्या नंबरच्या पोरीला जागा. त्यानं सकाळी म्हैस विकलती आन् पैसे घेऊन निघालता.

"रोखच घेऊन जाणार होतो," तो म्हणला, "पण गाडीला ही गर्दी. कुणी खिसा कापला म्हंजी? त्यापरीस मशीन बरी. शिवकन्याच्या खात्यावर टाकतो, ती तिथून भरंल."

माझ्या जिभेवर आलतं. शप्पथ सांगतो, तोंड उघडलंबी. त्याच्या आधी पाचच मिंटं पंक्चरवाल्या खाजामियाँला सांगितलतं, "भाईजान, आज नका टाकू, सोमवारी पडतील." तो हसून माघारी गेलता. रस्त्याच्या पल्याड बीडची एसटी उभी होती. सुंदरराव तिच्यात बसला असता तर मांजरसुंब्याला उतरून अंबाजोगाईची गाडी गाठली असती आन् साडेचारच्या आत पोरीपाशी पोचला असता. हे समदं मला दिसत होतं.

मी तोंड मिटलं आन् म्हणलो, "टाका की."

त्यानं एक एक गड्डी सरळ करून मशीनीत घातली. नोटा आत गेल्या, पावती आली. त्यानं ती दोनदा वाचली. पण कशी वाचली? नाव, खातं, आकडा. बुडाची ओळ न्हाई.

"झालं न्हवं रे धर्मा?"

"पावती आली न्हवं?"

"आली."

"मग. कागद तुमच्या हातात हाय."

"कागद हाय म्हंजी झालं," तो म्हणला आन् पावती चार घड्या घालून छातीच्या खिशात ठेवली. जलमभर कागदावर जगलेला माणूस, त्याला त्यात काय खोट दिसंल? एसटी निघून गेली. तो समोरच्या हाटेलात जाऊन चहा पिला. मला बी एक पाठवला. मी पिलो.

तीनला पोरीचा फोन आला. तो रस्ता ओलांडून आला, "ती म्हणती पैसे न्हाई दिसत."

"दिसतील. तिथं रेंज नसंल."

साडेतीनला परत आला. चारला परत आला. तवर त्याचं तोंड उतरलतं. आता कुठलीच गाडी त्याला पाचच्या आत पोचवणार न्हवती, म्हणून मी पाय पसरून निवांत बसलो.

"नोटा आत हाईत न्हवं?" त्यानं मशीनीवर हात आपटला.

"हाईत की. तुमच्या डोळ्यांदेखत गेल्या."

"मग?"

"आत हाईत, पण खात्यावर न्हाईत. सोमवारी साहेब पेटी उघडतील, तवा पडतील. पावतीवर लिहिलंय, वाचा."

त्यानं पावती उलगडली. डोळ्यापाशी धरली, लांब धरली. मग माझ्याकडं बघितलं. मी खिशातला जुडगा काढून मांडीवर ठेवला, बिल्ला वर करून.

"वहीत न्हाई ते न्हाई, सुंदरराव. तुमीच शिकिवलं."

त्यानं बिल्ल्यावरचा नंबर वाचला. मग हळू म्हणला, "ते मी केलतं. पोरीनं काय केलतं तुझं?"

"गायीनं काय केलतं तुमचं?"

फोन वाजत होता. तो उचलत न्हवता. पाच वाजून दहा मिंटांनी उचलला आन् एवढंच म्हणला, "ये घरी." खोटं कावून बोलू, माझं काळीज गार झालं. चार वर्षांत लागली न्हवती, तेवढी गाढ झोप त्या राती लागली.

सोमवारी बँक उघडली, पेटी उघडली, तीस हजार खात्यावर पडले. एक रुपया कमी न्हाई. जागा शनिवारीच खालच्या नंबरला गेलती.

वैशाखात शिवकन्याचं लग्न झालं. नवरा ऊसतोडीला जाणारा. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आमच्याकडं, एकट्याला मुकादम आगाऊ उचल देत न्हाई, म्हणून तो बायकोच हुडकत होता.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मशीनपुढं एक ट्रक थांबला. वर भांडी, पाचटाच्या झोपडीचे बांबू, शेळ्या, माणसं. शिवकन्या खाली उतरली. हातात हिरवा चुडा, कंबरंला खोचलेला पदर. तिला वीस हजार टाकायचे होते, उचलीतले. खातं तेच.

"काका, वळखलं का? सुंदररावची शिवकन्या."

मी मान हलिवली. तिच्या तोंडाकडं बघवंना. तिला काय ठाऊक हाय, किती ठाऊक हाय, तेच मला कळंना.

"दादा कसे हाईत?" मी तिच्या बापाचं विचारलं.

"बरे हाईत. जास्त बोलत न्हाईत. त्या नर्सिंगच्या पायी मनाला लावून घेतलंय. म्हणतात, मलाच उशीर झाला, मशीनीवर पोचायला मलाच उशीर झाला." तिनं नोटा सरळ केल्या. "काका, आज टाकले तर आज पडतील का?"

सुंदररावनं माझं नाव घरात काढलंच न्हवतं. खिशातला बिल्ला मांडीला टोचत होता.

"न्हाई," मी म्हणलो. "आज रविवार. उद्या बँक उघडली की पडतील. पावतीवर बुडाला लिहिलंय."

तिनं बुडाची ओळ बोट फिरवून वाचली. सावकाश, पुरी. वरून नवऱ्यानं हाक मारली, ट्रकनं हॉर्न दिला.

"पडू द्या उद्या. आता कसली घाई हाय मला," ती म्हणली. "पण बरं झालं काका तुमी सांगितलं. त्या दिवशी दादाला सांगणारं कुणी भेटलंच न्हाई."

मी म्हणलो, "पावती नीट ठेव."