दोन पक्षांना दोन पत्रं

अमेरिकेतल्या स्क्रँटन शहरात एका गुंतवणूक सल्लागाराच्या ऑफिसात व्हर्ना पुलास्की अकरा वर्षं टायपिंग करत होती. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली, तशी तिच्या साहेबाने, गॅरेट हॉइलने, तिच्यापुढे दोन पत्रं टाकली. एकात लिहिलं होतं, लाल पक्ष आला तर शेअर बाजार कोसळेल. दुसऱ्यात, निळा आला तर कोसळेल. खाली सल्ला मात्र एकच: शेअर विका, आमची विमा योजना घ्या.

"आपल्याकडे मतदारयादीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा पक्ष लिहिलेला असतोच," हॉइल म्हणाला. "निळ्यांना हे पाठव, लालवाल्यांना ते."

"पण साहेब, यातलं खरं कुठलं?"

"ज्याला जे पटेल ते. चार वर्षांनी एकदा माणसं अशी घाबरतात गं. हंगाम आहे, सोडायचा कशाला?"

 व्हर्नाने सगळी पाकिटं जिभेने ओली करून चिकटवली. घरी जाऊन साबणाने हात धुतले, चुळा भरल्या, तरी जिभेवरची डिंकाची चव जाईना.

तिचा शेजारी लेस्टर उमहोल्ट्झ, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर, हॉइलचाच ग्राहक होता. शनिवारी अग्निशमन केंद्रातल्या सामुदायिक जेवणात पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाताना तिने दोन्ही पत्रं त्याच्यापुढे ठेवली.

"लेस्टरकाका, दोन्ही आमचीच. काही विकू नका."

वाचता वाचता त्याचा चेहरा रागाने लाल झाला. तिला हायसं वाटलं.

"बघ, त्या दुसऱ्या पक्षाच्या लोकांना कसल्या थापा मारतात!" तो म्हणाला. "माझं पत्र तेवढं खरंय."

"अहो, लिहिणारा एकच आहे!"

"असेना. माझ्याशी तरी खरं बोलला ना? मी सोमवारीच सगळं विकलं."

लेस्टरला ज्या पक्षाची धास्ती होती, तोच जिंकला. बाजार मात्र त्याच आठवड्यात उसळला आणि चढतच राहिला. लेस्टरचे पैसे मात्र सात वर्षांसाठी विमा योजनेत अडकले. जानेवारीत हॉइलने नवं पत्र टायपिंगला दिलं: 'निवडणुकीनंतरचं वर्ष धोक्याचं.' व्हर्नाने ते तसंच टेबलावर ठेवलं, कोट घातला आणि नोकरी सोडली. पुढे ती शाळेच्या स्वयंपाकघरात जेवण वाढू लागली.

मार्चमध्ये चर्चच्या दारात लेस्टरने तिला गाठलं.

"तू तेव्हा नीट समजावलं असतंस तर! जाऊ दे. पुढच्या निवडणुकीचं हॉइलने मला आत्ताच सांगून ठेवलंय."

इतके दिवस तिला फक्त हॉइलचीच किळस येत होती. ती पायऱ्या उतरली.