तोंडी होकार

ब्रॅडीने टेपचं एक टोक विभावरीच्या हातात दिलं आणि दुसरं धरून तो भिंतीच्या कडेने सरकत गेला. मधे इशिता दोन्ही हात पसरून उभी होती. दुकानात ताग्यातलं कापड मोजावं तसं त्याने तिला या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजलं. मग बूट काढायला लावले, पावलं पाहिली, मनगट चिमटीत धरून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"आईची उंची? आजीची?" त्याने इंग्रजीत विचारलं.

इशिताचे वडील सुदेश राणे खुर्चीच्या काठावर बसले होते. पाठ असलेली कविता म्हणावी तशी त्यांनी सगळ्यांची उंची सांगितली, मेलेल्या पणजोबांचीसुद्धा.

नोव्हेंबर १९९९. शारजातल्या त्या भारतीय शाळेत मुलींची सकाळची पाळी सुटली होती आणि मुलांच्या बसेस आत येत होत्या. इशिता नववीत होती. चौदा वर्षं, पाच फूट अकरा. ब्रॅडी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा असिस्टंट कोच. तो इथवर आला होता तो विभावरीमुळेच.

विभावरी त्या शाळेत नऊ वर्षं पीटी शिकवत होती. लग्नाआधी ती कोल्हापूरला विद्यापीठाच्या संघातून खेळायची. मग नवऱ्याची, राजनची, अजमानच्या गोदामातली नोकरी, आणि तिच्या वाट्याला सावधान-विश्राम, वार्षिक कवायत, उन्हात चक्कर आलेल्या मुलींना लिंबूपाणी. नऊ वर्षांत खरी खेळाडू म्हणावी अशी एकच मुलगी तिला मिळाली. इशिता चेंडू टाकायची तेव्हा तो हातातून सुटल्याचंही कळायचं नाही. विभावरीने रोल्ला बाजारातल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याला पकडून तिची कॅसेट काढली आणि ब्रॅडीच्या कॉलेजच्या पत्त्यावर स्वतः पोस्टात टाकली.

ब्रॅडीने विभावरीला बाजूला घेतलं. मुलगी अजून किती वाढेल याचा अंदाज हवा होता. मनगटाचा एक्स-रे पाठवा म्हणाला. आणि तिची पाळी कधी सुरू झाली?

"तुम्ही बाई आहात, तुम्ही विचारा," तो सहज म्हणाला.

विभावरीने विचारलं. बूट घालायला वाकलेल्या मुलीच्या कानाशी जाऊन, हळू आवाजात, तिने ते विचारलं.

इशिताचे कान लाल झाले. "व्हाय डझ ही नीड टु नो, मॅम?"

विभावरीने तिचा दुसरा बूट पुढे सरकवला. इशिताने खाली बघत सांगितलं. विभावरीने ते ब्रॅडीला सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे अजून दोन इंच. कदाचित." त्या दिवशी घरी गेल्यावर विभावरीने दोनदा चूळ भरली.

शुक्रवारी अल मजाजला राण्यांच्या फ्लॅटवर सगळे जमले. खिडकीतून खाडीचं पाणी दिसत होतं. इशिताच्या आईने, संजनाने, साबुदाणावडे केले होते. ब्रॅडीने ते खाल्ले, छान म्हणाला आणि इशिताकडे वळला.

"चार वर्षांनी तुझी जागा आमच्याकडे आहे. पूर्ण स्कॉलरशिप. तू आम्हाला शब्द देतेस?"

इशिताने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मान हलवली.

"येस सर."

टाळ्या झाल्या. "लिखापढी?" राजनने विभावरीला हळूच विचारलं. तिने तेच ब्रॅडीला विचारलं. आत्ता काही लिहिता येत नाही, तो म्हणाला, कागद शेवटच्या वर्षी होतात. आत्ता फक्त तोंडी. इशिता आईच्या कानात काहीतरी म्हणाली. संजना कसनुसं हसली. "विचारतेय, कॉलेज कुठल्या गावात आहे म्हणून."

शाळेत केक कापला गेला. पेपरात फोटो आला. त्यात इशिताच्या शेजारी विभावरीही होती, आणि तो फोटो तिने सांगलीला आईकडे पाठवला.

मग दर महिन्याला ईमेल सुरू झाले. उंची, वजन, उडी. सुदेश ऑफिसातून पाठवायचे. शाळेच्या कागदावर विभावरीची सही लागायची. सकाळी शाळेआधी ते मुलीला खाडीकाठी पळवायचे. "यल्ला इशू, यल्ला!" तिचं चित्रकलेचं ट्यूशन बंद झालं. जिन्यावर मैत्रिणींशी गप्पा मारत बसणंही बंद झालं, कारण पाय आखडतात.

उंची मात्र पाच अकराच राहिली. जानेवारीत सुदेश शाळेत आले.

"वहिनी, सहा फूट लिहा. इन्शाल्ला वाढेलच ना ती. चार वर्षं आहेत."

"भाऊजी, नसेल वाढली तर?"

"तुम्हीच कॅसेट पाठवलीत ना? मग आता मागे का?"

तिने सही केली. पेन टोपणात घालताना तिला स्वतःचीच शिसारी आली, पण कागद तिने परत मागितला नाही.

त्याच महिन्यात इशिताचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी तीन महिने उडी मारायची नाही असं सांगितलं. सुदेशनी ते ऐकून घेतलं. मार्चमध्ये दुबईत शाळांची स्पर्धा होती आणि ब्रॅडी बघायला येणार होता.

मार्चमधल्या त्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत विभावरीला इशिता बाकावर बसलेली दिसली. हातात पाण्याची बाटली, मांडीवर गोळ्यांची पट्टी.

"किती घेतल्यास?"

"थ्री. पप्पा सेड फोर."

"दुखतंय?"

"नॉट नाऊ." मग थोड्या वेळाने, "मॅम, आय कान्ट फील इट. इज दॅट ओके?"

तेव्हाच तिला थांबवायला हवं होतं. विभावरीने पहिला हाफ खेळू दिला. इशिता उडी मारायची आणि उतरताना सगळा भार डाव्या पायावर घ्यायची. दोनदा पडली, दोनदा उठली. वरून सुदेश ओरडत होते, "जंप! इशू, जंप!" तिसऱ्यांदा पडली तेव्हा उठायला वेळ लागला. विभावरीने ब्रॅडीकडे पाहिलं. तो पाय पसरून बसला होता, शेंगदाणे खात. त्याने वहीचं पान उलटलं आणि समोरच्या संघाकडे बघू लागला.

हाफ संपला. विभावरीने इशिताच्या पायाला बर्फ बांधला आणि दुसऱ्या मुलीला उतरवलं. सुदेश धावत खाली आले. "वहिनी, काय करताय? तो बसलाय तिथे!"

"बसू दे."

ती सरळ ब्रॅडीपुढे जाऊन उभी राहिली. तिचं इंग्रजी तुटकच होतं, पण त्या दिवशी अडलं नाही. मुलगी पाच फूट अकरा आहे. जानेवारीत सहा लिहिलं ते खोटं, सही माझी. गुडघा दोन महिने खराब आहे आणि आज ती गोळ्या खाऊन खेळली.

ब्रॅडी रागावला नाही. "खरं सांगितल्याबद्दल आभार," तो म्हणाला. मग वहीतल्या नव्या पानावर बोट ठेवून, "ती नऊ नंबरची कोण? कितवीत आहे?"

समोरच्या संघातली ती मुलगी फार तर सातवीतली असावी. वेणीला पांढरी रिबीन होती.

"मला माहीत नाही," विभावरी म्हणाली. "आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

आठवड्याने ईमेल आला. दोन ओळी. शुभेच्छा होत्या. सुदेश तो छापून घेऊन शाळेच्या गेटवर आले.

"तोंडी होतं म्हणतात. तोंडी! माझ्या पोरीने शब्द दिला तो शब्द, आणि यांचा?" त्यांचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही! घरचं माणूस समजलो तुम्हाला. तिचं आयुष्य खलास केलंत वहिनी."

"भाऊजी, खोटं मी जानेवारीत लिहिलं, त्याची लाज वाटते. मार्चची नाही वाटत."

सुदेशनी कागदाची घडी घातली. मग ते निघून गेले. दर शुक्रवारी राजनला येणारा त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

इशिता दहावीत गेली. पीटीच्या तासाला ती डॉक्टरांची चिठ्ठी देऊन वर्गात बसायची. कॉरिडॉरमध्ये समोर आली की भिंतीकडे सरकून निघून जायची. उन्हाळ्याची सुट्टी आली आणि गेली.

सप्टेंबरच्या अखेरीस, शाळा सुटल्यावर, ती क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारात आली. चिठ्ठीची मुदत संपली होती.

"मॅम, कॅन आय टेक अ बॉल?"

विभावरीने चेंडू काढून हवा तपासली आणि दिला. हॉलचं दार उघडलं. तीही आत पाऊल टाकणार तोच इशिता दारातच थांबली.

"प्लीज, मॅम. डोन्ट वॉच."

विभावरी बाहेर आली. दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसली, बसेसकडे तोंड करून. आत बराच वेळ काही झालं नाही. मग चेंडू एकदा आपटला. थांबला. पुन्हा आपटला, दोनदा, तीनदा, आणि त्यानंतर बूट करकरले.

बसचा ड्रायव्हर हमदुल्ला हातात चहाचा कप घेऊन आला आणि दाराच्या फटीकडे मान लांबवू लागला. विभावरीने हात आडवा धरला.

"अंदर कौन है, मॅडम?"

"दसवी की एक लडकी है," ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली.